रिकामे आसन कोणाचे?

नीतीचे मोठे प्रश्न माणसाच्या आयुष्यात क्वचितच येतात. परक्याचे धन लुबाडावे की नाही, खोटी साक्ष द्यावी की नाही, अशा पेचात आपल्यापैकी बहुतेकांना कधी सापडावे लागत नाही. याउलट शेजाऱ्यासाठी थोडे सरकावे की सरकू नये, हा प्रश्न दिवसातून दहा वेळा पुढे उभा राहतो. तो इतका लहान असतो की त्याचे उत्तर आपण विचार न करताच देऊन टाकतो. आपला खरा स्वभाव अशा न विचार केलेल्या उत्तरांतच प्रकट होत असतो. प्रस्तुत लेखात आम्ही असाच एक लहान प्रश्न विचारासाठी घेतला आहे. विमानात आपल्या शेजारचे आसन रिकामे राहिले, तर ते कोणाचे?

विषय कोणाला ऐषारामाचा वाटेल. पण विमानप्रवास आता आपल्या समाजाला नवलाचा राहिलेला नाही. वसई-उत्तनपासून गोव्यापर्यंत आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर गेली, मग आखाती देशांत गेली, आणि आता कॅनडा-ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचली आहेत. ज्यांनी उभ्या आयुष्यात बैलगाडी आणि लोकल याखेरीज वाहन पाहिले नव्हते, अशा आज्या नातवंडाच्या बाप्तिस्म्यासाठी सातासमुद्रापार जाऊन येतात. तेव्हा हा प्रश्न आपल्याही उंबरठ्याच्या आत आलेला आहे.

आखातातून मुंबईकडे येणारी पुष्कळशी विमाने मध्ये एकच वाट असलेली असतात. बोइंग ७३७ असो वा एअरबस ए३२०, वाटेच्या दोन्ही अंगांना तीन-तीन आसनांची रांग. खिडकीजवळच्याला डोके टेकायला भिंत मिळते, वाटेकडच्याला पाय मोकळे करायला जागा मिळते, आणि मधल्याच्या वाट्याला दोन्ही बाजूंनी परक्याचे कोपर येते. म्हणून मधले आसन सहसा कोणी आपण होऊन निवडत नाही, आणि ते रिकामे राहावे अशी दोन्ही शेजाऱ्यांची मूक प्रार्थना असते. ही प्रार्थना हल्ली फारशी फळत नाही. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२४ साली जगभरातील विमानांच्या आसनक्षमतेचा ८३.५ टक्के वापर झाला. म्हणजे रिकामे आसन ही दुर्मीळ वस्तू झाली आहे. आणि वस्तू दुर्मीळ झाली की तिच्यावरील हक्काचा प्रश्न सुरू होतो.

काही वर्षांपूर्वी थोरल्या मुलीकडे महिनाभर राहून आम्ही कुवेतहून मुंबईला परतत होतो. विमान रात्रीचे होते. आमची जागा खिडकीजवळ, वाटेकडच्या आसनावर पन्नाशीच्या घरातील एक गृहस्थ, आणि मधले आसन रिकामे. विमानाची दारे बंद झाल्याची घोषणा झाली, तसे आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहून स्मित केले. त्या स्मिताचा अर्थ सांगायला नको. पुढच्याच क्षणी आम्ही आपली शाल आणि खजुराची पिशवी त्या आसनावर ठेवून दिली. शेजाऱ्यांनी काहीच ठेवले नाही.

दोन रांगा मागे एक तरुण आई मधल्या आसनावर दोन पुरुषांच्या मध्ये अवघडून बसली होती. मांडीवर वर्षभराचे मूल होते. दोन वर्षांखालील मुलास वेगळे आसन न घेता मांडीवर नेता येते. तिकिटाचे पैसे वाचतात. पण चार तास हलायला जागा नसते. विमान उंचीवर स्थिरावले, दिवे मंद झाले, आणि मूल रडू लागले. आम्ही मान वळवून पाहिले. तिची नजर आमच्या शालीवर होती की नव्हती, हे निश्चित सांगता येणार नाही. आम्ही मात्र डोळे मिटून घेतले. झोप आली नव्हती.

थोड्या वेळाने शेजारच्या गृहस्थांनी हलकेच आमच्या हाताला स्पर्श केला. "शाल जरा उचलता काय?" असे कोकणी वळणाच्या मराठीत त्यांनी विचारले. मागे ती बाई मुलाला घेऊन उभी होती आणि तिच्या बाजूला हवाई सेविका. हे गृहस्थ आपण होऊन उठले होते, सेविकेशी बोलले होते, आणि आपले वाटेकडचे चांगले आसन त्या आईला देऊन स्वतः तिच्या जागी, दोन पुरुषांच्या मध्ये, बसायला निघाले होते. आम्ही घाईघाईने शाल आणि पिशवी उचलली आणि मोठ्या उदारपणे म्हणालो, "घ्या ना, घ्या ना, अवश्य घ्या!"

ते शब्द आजही कानांत घुमतात. जणू काही ते आसन आमच्या मालकीचे होते आणि आम्ही त्याचे दान करीत होतो! ज्याने खरोखर स्वतःचे काही दिले, तो एक शब्दही न बोलता मागे जाऊन बसला. मूल दोन आसनांवर पाय पसरून झोपी गेले. सामान घेताना गाठ पडली तेव्हा आम्ही त्यांना म्हणालो, "तुमची झोप मोडली." ते म्हणाले, "दोन वर्षांनी घरी चाललोय. झोप कोणाला लागते?" ते खेडकडचे होते, एवढेच पुढे कळले.

या प्रसंगाने आम्हांस जो प्रश्न दिला, तो असा: त्या रिकाम्या आसनावर आमचा कोणता हक्क होता, की ज्याच्या जोरावर आम्ही प्रथम ते अडवले आणि नंतर ते दिल्याचे श्रेय घेतले?

पैशाचा हक्क म्हणावा, तर आम्ही एका आसनाचे भाडे भरले होते, दोन आसनांचे नव्हे. न विकले गेलेले आसन कंपनीचेच राहते. ज्याला अधिक जागा हवी त्याने अधिक पैसे मोजावेत, अशीही सोय आता झाली आहे. एअर न्यूझीलंड या कंपनीने २०१० साली तीन आसनांची रांग जोडून बिछान्यासारखी देण्याची योजना जाहीर केली, आणि लुफ्तान्साने २०२१ साली लांबच्या प्रवासासाठी संपूर्ण रांग विकत देण्यास आरंभ केला. ज्याने असे आसन विकत घेतले, त्याच्याविषयी वादच नाही. ते त्याचे आहे आणि त्याने ते कोणासही देण्यास बांधील नसावे. आमची गोष्ट तशी नव्हती. आम्हांस ते योगायोगाने लाभले होते.

मग जवळीकीचा हक्क म्हणावा काय? आम्ही शेजारी होतो, एवढे खरे. शेजाऱ्याची काही बाजू असते, हेही आम्हांस मान्य आहे. रिकाम्या आसनावर कोणी येऊन बसले, तर अडचण सोसावी लागते ती दोन्ही बाजूंच्या माणसांनाच. म्हणून येणाऱ्याने त्यांना विचारावे, हे रीतीला धरून आहे. परंतु विचारले जाण्याचा हक्क वेगळा आणि मालकीचा हक्क वेगळा. शेजारच्या पडीक वाडीतील आंबे आपल्या खिडकीतून दिसतात, म्हणून ते आपले होत नाहीत.

राहिला प्रश्न आधी येण्याचा. या ठिकाणी मात्र विचार करण्याजोगे काही आहे, आणि तो विचार आमच्या आधी फार मोठ्या माणसांनी केला आहे. गंमत अशी की त्यांनीही दृष्टान्त घेतला तो आसनाचाच. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिसेरो या रोमन पंडिताने स्तोइक तत्त्वज्ञांचे मत सांगताना नाट्यगृहाचे उदाहरण दिले. नाट्यगृह सर्वांचे असते. तरीही जो ज्या जागेवर बसला, ती जागा त्याची असे म्हणणे योग्यच ठरते. समाईक वस्तूतून खासगी हक्क कसा निर्माण होतो, हे त्याला दाखवायचे होते.

पुढे चौथ्या शतकात कैसरियाचे महागुरू संत बेसिल यांनी तेच नाट्यगृह घेतले, पण दृष्टान्त उलटा फिरवला. लूकच्या शुभवर्तमानात कोठारे पाडून मोठी कोठारे बांधू पाहणाऱ्या श्रीमंताची कथा आहे. तिच्यावर प्रवचन करताना ते म्हणाले की, धनिक मनुष्य हा नाट्यगृहात आधी येऊन मागाहून येणाऱ्यांना दाराशीच अडवणाऱ्या माणसासारखा आहे. जे सर्वांसाठी होते, ते केवळ आधी आल्यामुळे तो आपले समजतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या आक्षेपाचा मोठ्या शांतपणे निवाडा केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आधी येऊन जागा घेणाऱ्याने मागाहून येणाऱ्यांची वाट मोकळी करून दिली, तर त्यात दोष नाही. दोष आहे तो इतरांना सरसकट अडवण्यात. त्याच विवेचनात ते असेही सांगतात, की वस्तू सांभाळण्याचा व तिची व्यवस्था पाहण्याचा अधिकार माणसाला असला, तरी तिचा उपयोग करताना त्याने ती सर्वांची समजावी आणि गरजवंताशी ती वाटून घेण्याची तयारी ठेवावी.

घेणे आणि अडवणे यांतील हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो. रिकाम्या आसनाखाली पाय पसरणे, त्याच्यापुढील घडीच्या फळीवर पाण्याचा पेला ठेवणे, यात काहीच वावगे नाही. कोणाच्याही उपयोगी न पडणारी जागा वाया दवडण्यात पुण्य नाही. परंतु त्यावर शाल टाकून डोळे मिटून घेणे, हे अडवणे झाले. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्याला आपण नावे ठेवतो. आमची शाल ही त्या रुमालाचीच थोरली बहीण होती.

याला एक पुरवणी जोडली पाहिजे. कुवेतहून परतल्यानंतर आठवड्याभराने आम्ही दादरहून संध्याकाळच्या विरार गाडीने येत होतो. गर्दीचे वर्णन आपल्या वाचकांपुढे करणे म्हणजे कोळ्याच्या पोराला समुद्र सांगण्यासारखे आहे. आम्ही दोन बाकांच्या मधोमध कसेबसे उभे होतो. अंधेरीच्या आसपास बाकावरील तिघे न सांगता-सवरता थोडे आत सरकले आणि कडेच्या माणसाने हाताने खूण केली. तीन माणसांच्या बाकावर चौथी सीट निर्माण झाली. बोरिवली मागे पडली तशी खिडकीजवळचा तरुण उठला आणि म्हणाला, "काका, आता नीट बसा. मी उभा राहतो." त्याला कोणी मागितले नव्हते.

ही चौथी सीट रेल्वेच्या कोणत्याही नियमात नाही. ती मुंबईच्या लोकांनी घडवली आहे, आणि रोज हजारो अनोळखी माणसे ती एकमेकांना देतात. आम्हीही आयुष्यभर ती दिली आहे. मग प्रश्न पडतो, की तीन जणांच्या जागेत चौथ्याला सामावून घेणारे आम्ही, तिघांच्या जागेत दोघेच बसलो असताना तिसऱ्यासाठी डोळे का मिटले? टंचाईत जो हात मोकळा असतो, तो सुबत्तेत का आखडतो?

लोकलमधील सगळे प्रवासी साधुसंत असतात, हे काही याचे उत्तर नव्हे. त्याच विरार गाडीत बोरिवलीच्या माणसाला दारातून आत येऊ न देणारी टोळकीही असतात, आणि संत बेसिलांनी वर्णिलेला दाराशी अडवणारा मनुष्य तेथे रोज भेटतो. आमच्या मते कारण निराळे आहे. लोकलमध्ये उभा असलेला माणूस आपल्या गुडघ्याला गुडघा लावून उभा असतो; त्याचा घाम, त्याचा थकवा आपल्याला दिसतो. आपणही काल तसेच उभे होतो, उद्या पुन्हा असू. विमानात मात्र कोणीच उभे नसते. प्रत्येकाला क्रमांकाचे आसन मिळालेले असते, प्रत्येकाचे तोंड पुढे असते, आणि समोर दिसते ती फक्त पुढच्याची पाठ. कोणाचे काहीच हिरावले गेलेले नाही, असा सर्वांचा समज होतो. गरज असते, पण ती बसलेली असते. आणि बसलेली गरज आपल्या नजरेत भरत नाही. तिला पाहायचे तर मान वळवावी लागते.

म्हणून विमानातील शिष्टाचाराचे पहिले सूत्र आम्ही असे मांडू: पसरण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहावे. पाय अधू असलेले कोणी वृद्ध, गरोदर स्त्री, मांडीवर मूल घेतलेली आई, खूप उंचीमुळे गुडघे दुमडून बसलेला तरुण असा कोणी नसेल, तर लाभलेली जागा दोन्ही शेजाऱ्यांनी समजुतीने वाटून घ्यावी. मधली जागा दोघांची मिळून असते, एकाची नसते. एकाने आडवे होऊन दुसऱ्याच्या मांडीपर्यंत पाय न्यावेत, हे काही वाटून घेणे नव्हे.

दुसरे सूत्र विचारण्याचे. दारे बंद होईपर्यंत कोणतेही आसन रिकामे समजू नये; धावतपळत येणारा शेवटचा प्रवासी त्याच आसनाचा धनी असतो. त्यानंतरही हवाई सेविकेला विचारल्यावाचून जागा बदलू नये. तिच्या नकारामागे पुष्कळदा कारण असते. विमान बरेच रिकामे असेल, तर माणसांच्या वजनाची विभागणी आखून दिलेली असते आणि उड्डाण होईपर्यंत ती मोडता येत नाही. संकटकालीन दाराजवळच्या रांगेत कोणासही बसता येत नाही. मांडीवरच्या मुलाच्या बाबतीत तर आणखी एक अडचण असते: अशा विमानात एका बाजूच्या तीन आसनांवर सामान्यतः प्राणवायूचे चार मुखवटे असतात, म्हणजे जादा मुखवटा एकच. तेव्हा आधीच एक तान्हे मूल असलेल्या रांगेत दुसरे नेता येत नाही. आमचे खेडचे सहप्रवासी प्रथम सेविकेकडे गेले, त्यात हाही शहाणपणा होता. आणि ज्या रांगेसाठी इतरांनी जादा पैसे मोजले आहेत, तेथे फुकट जाऊन बसणे ही सचोटी नव्हे, मग ती रांग कितीही मोकळी असो.

काही जोडपी मधले आसन मोकळे राहील या आशेने मुद्दाम खिडकीकडचे आणि वाटेकडचे आसन निवडतात. त्यात लबाडी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मधला प्रवासी आलाच, तर दोघांपैकी एकाने मध्ये सरकून त्याला कडेची जागा देऊ करावी. त्याला मध्येच बसवून त्याच्या छातीवरून चार तास घरगुती गप्पा मारणे, हे कोणत्या सुसंस्कृतपणात बसते?

नाही म्हणण्याचाही अधिकार असतो, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. कोणाची पाठ दुखत असते, कोणी आजारातून उठलेला असतो, कोणी स्वकीयाच्या अंत्यविधीसाठी निघालेला असतो आणि त्याला थोडा एकांत हवा असतो. आसन मागणाऱ्याची गरज मोठी की ते राखणाऱ्याची, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून मागणाऱ्याने नकार निमूटपणे स्वीकारावा, आणि नकार देणाऱ्याने तो उघड्या डोळ्यांनी, दोन शब्द बोलून द्यावा. आमची चूक आम्ही जागा राखली एवढीच नव्हती. आम्ही झोपेचे सोंग घेतले. प्रश्न विचारलाच जाऊ नये अशी तजवीज केली.

२०२० साली करोनाच्या साथीत हे मधले आसन थेट न्यायालयापर्यंत गेले होते. परदेशात अडकलेल्यांना घेऊन येणाऱ्या विमानांतील मधली आसने काही दिवसांनंतर रिकामी ठेवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ मे रोजी सांगितले. पुढे १५ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने योग्य ती दक्षता घेऊन ती भरण्यास मुभा दिली. त्या दिवसांत शेजाऱ्यावर प्रेम करणे म्हणजे मधली जागा मोकळी सोडणे असे होते. एरवी ते मोकळी करून देणे असते. जागा तीच. तिचे काय करावे हे शेजाऱ्याच्या हिताकडे पाहून ठरते, एवढेच कायम राहते.

रविवारच्या मिस्साला आम्ही आता एक गोष्ट पाहतो. लवकर येणारे भाविक बाकाच्या कडेला बसतात. मधला भाग रिकामा राहतो, आणि उशिरा आलेली म्हातारी माणसे गुडघ्यांवरून वाट काढीत आत जातात किंवा मागे उभी राहतात. कडेला बसलेल्यांच्या मनात कसलाही दुष्टपणा नसतो. त्यांचे लक्ष वेदीकडे असते. आम्हीही वर्षानुवर्षे कडेलाच बसत आलो आहोत.

रिकामे आसन कोणाचेच नसते. ज्याच्या शेजारी ते असते, तो त्याचा केवळ राखणदार. राखणदाराने ते वापरावे, पण त्यावर शाल टाकून झोपू नये. खेडच्या त्या गृहस्थांनी आम्हांस एवढे शिकवले. त्यांचे नाव विचारायचे आमच्याकडून राहून गेले. अलीकडे मिस्साला गेल्यावर आम्ही बाकाच्या आत सरकून बसतो.